न केलेलं उपोषण: ग्विनवोर एव्हन्स, वेल्श चॅनल आणि १९८० सालचे ते पाच महिने

आमरण उपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं ते वेगळं सांगायला नको. कलेक्टर ऑफिससमोर मांडव, गादी-तक्के, मागे बॅनर, तिसऱ्या दिवशी बीपी तपासायला आलेला डॉक्टर, आणि पाचव्या दिवशी कोणीतरी मंत्री येऊन लिंबू सरबताचा ग्लास हातात देतो, फोटो निघतो, मांडव उठतो, आणि मागणीचं काय झालं ते पुढच्या वर्षी पुन्हा मांडव पडला की कळतं.

हे प्रकरण त्याच्या बरोब्बर उलटं आहे म्हणून लिहायला घेतलंय. वेल्समधल्या एका ६७ वर्षांच्या माणसाने, जो त्या वेळी साधा खासदारही नव्हता, ५ मे १९८० ला जाहीर केलं की सरकारने वेल्श भाषेच्या टीव्ही चॅनलचा दिलेला शब्द पाळला नाही तर ६ ऑक्टोबरपासून मी जेवणार नाही, मरेपर्यंत. समोर ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर. आणि १७ सप्टेंबरला, म्हणजे मुदतीच्या १९ दिवस आधी, सरकारने मागणी मान्य केली. या माणसाने एक वेळचं जेवणसुद्धा चुकवलं नाही. जगात गाजलेल्या उपोषणांची यादी केली तर त्यात न केलेलं असं हे एकच असावं.

आता हे कसं काय जमलं? चटकन दिलं जाणारं उत्तर असं की म्हातारा मेला असता तर वेल्स पेटलं असतं, सरकार घाबरलं. ते खोटं नाही पण अर्धवट आहे, कारण हेच सरकार वर्षभरातच दुसऱ्या उपोषणाला अजिबात घाबरलं नाही, ते पुढे येईलच.

माणूस कोण ते आधी बघू

ग्विनवोर एव्हन्स, जन्म १ सप्टेंबर १९१२, बॅरी नावाच्या दक्षिण वेल्समधल्या बंदराच्या गावी. वडिलांचं तिथे मोठं दुकान. घरात भाषा इंग्रजी! हे लक्षात ठेवा, कारण पुढे ज्या भाषेसाठी प्राण पणाला लावायची भाषा केली ती वेल्श या माणसाला धड बोलता यायला लागली ती वाढत्या वयात, मुद्दाम शिकून. शिक्षण कायद्याचं, आधी अ‍ॅबरिस्टविथ आणि मग ऑक्सफर्ड. वकिली करून मस्त कमावता आलं असतं. पण दुसरं महायुद्ध आलं आणि हे पडले कट्टर शांततावादी, गांधींना मानणारे, बंदूक हातात धरणार नाही म्हणाले आणि सक्तीच्या लष्करभरतीची प्रकरणं बघणाऱ्या ट्रायब्युनलने त्यांना कुठलीही अट न घालता सूट दिली. मग कारमार्थनशरमधल्या लांगाडोग गावी काचघरं बांधून टोमॅटो पिकवायला लागले. म्हणजे ऑक्सफर्डचा वकील, धंदा टोमॅटोचा, आणि १९४५ पासून प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचा अध्यक्ष. हे अध्यक्षपद त्यांच्याकडे १९८१ पर्यंत राहिलं, ३६ वर्षं. आपल्याकडे इतकी वर्षं पक्षाध्यक्ष म्हणजे घराण्याचा पक्ष समजायचा, तिथे मात्र पक्षाकडे वाटून घ्यायला काही नव्हतंच, १९६६ पर्यंत पार्लमेंटमधे एकही जागा नाही.

त्यांच्या राजकारणातली सगळ्यात मोठी जखम म्हणजे त्रवेरिन. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं, त्यासाठी वेल्समधलं त्रवेरिनचं खोरं बुडवायचं ठरलं, आणि त्या खोऱ्यात कापेल केलिन नावाचं लहानसं, पूर्ण वेल्श बोलणारं गाव, घरं, शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर, स्मशान सगळ्यासकट. धरणात गाव जाणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. १९५६ मधे गावकरी लिव्हरपूलच्या रस्त्यावर मोर्चा घेऊन गेले, ग्विनवोर त्यांच्याबरोबर. १९५७ ला लिव्हरपूल महापालिकेचं बिल पार्लमेंटमधे पास झालं, वेल्सच्या ३६ खासदारांपैकी ३५ विरोधात असताना. एकूण सहाशेवर खासदारांच्या सभागृहात ३६ म्हणजे चिल्लर. १९६५ ला धरणाचं उद्घाटन झालं, गाव पाण्याखाली.

माझ्या मते १९८० चं सगळं प्रकरण या एका गोष्टीतून वाचलं पाहिजे. सगळा वेल्स एका बाजूला असला तरी मतांच्या हिशोबात तो हरतोच, हे ग्विनवोरना त्रवेरिनने शिकवलं होतं. म्हणजे मोजणी जिथे चालते तिथे तुम्ही कायमचे विरोधी पक्षात, अगदी तुमच्या स्वतःच्या देशाच्या प्रश्नावरसुद्धा.

पुढची वर्षं भराभर सांगतो. मे १९६६ मधे कारमार्थनच्या खासदार लेडी मेगन लॉइड जॉर्ज वारल्या आणि पोटनिवडणूक लागली. तीनच महिन्यांपूर्वीच्या सार्वत्रिक निवडणुकीत ग्विनवोर त्याच मतदारसंघात तिसरे आले होते. १४ जुलैला मात्र १६,१७९ मतं घेऊन २,४३६ मतांनी निवडून आले, प्लाइड कम्रीचा पहिला खासदार. शपथ वेल्शमधे घेऊ द्या म्हणाले, नाही म्हणून सांगितलं. सभागृहात एकटे, मग त्यांनी धडाका लावला प्रश्न विचारायचा, वेल्समधे रस्ते किती, नोकऱ्या किती, घरं किती, रेल्वे किती बंद केल्या, आणि मिळालेल्या उत्तरांची पुस्तकं छापून सरकारचीच आकडेवारी सरकारच्या तोंडावर मारली. १९७० ला पडले. फेब्रुवारी १९७४ ला पुन्हा उभे राहिले आणि तीन मतांनी पडले. तीन. हजार नाही शंभर नाही, १७,१६५ विरुद्ध १७,१६२. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे परत निवडून आले, ३,६४० मतांनी.

मग आलं १९७९. १ मार्चला वेल्सला स्वतःची विधानसभा हवी का यावर सार्वमत झालं आणि ७९.७ टक्के लोकांनी नको म्हटलं. स्वतःच्याच लोकांनी. दोन महिन्यांनी निवडणूक, ग्विनवोर लेबरकडून हरले, पक्षाचे दोन खासदार उरले, आणि लंडनमधे थॅचर बाई आल्या. पस्तीस वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते लोकांनी चार विरुद्ध एक असं नाकारलं. वय ६६. इथे बहुतेक माणसं आत्मचरित्र लिहायला बसतात.

चॅनलचं भांडण काय होतं

आता टीव्हीकडे येऊ, कारण इथे तपशील महत्त्वाचा आहे. सत्तरच्या दशकात ब्रिटनमधे तीन चॅनल, बीबीसीचे दोन आणि एक आयटीव्ही. वेल्समधे वेल्श कार्यक्रम लागायचे ते बीबीसी वेल्स आणि आयटीव्हीचं तिथलं स्टेशन एचटीव्ही यांच्यावर, इंग्रजी कार्यक्रम बाजूला सारून, कधी भलत्याच वेळी. याने कोणाचंच समाधान होत नव्हतं. वेल्श बोलणाऱ्यांना वाटायचं आपल्याला उष्टं-पाष्टं मिळतंय. आणि वेल्श न येणारे, जे पाचांत चार जण होते, ते वैतागायचे की बाकी ब्रिटन मजेत मालिका बघतंय आणि आमच्या पडद्यावर ही न कळणारी भाषा, म्हणून किती जणांनी अँटेना फिरवून इंग्लंडच्या ट्रान्समीटरकडे केले होते. तेव्हा चौथं चॅनल येऊ घातलं होतं, आणि सगळं वेल्श त्यावर एकत्र टाका ही कल्पना अशी होती की भाषाप्रेमी पण खूश आणि भाषेला वैतागलेले पण खूश. राजकारणात असं जुळणं दुर्मिळ. १९७४ ला क्रॉफर्ड समितीने तेच सुचवलं. १९७९ च्या निवडणुकीत लेबर आणि कॉन्झर्व्हेटिव्ह दोन्ही पक्षांनी ते मान्य केलं होतं, थॅचर बाईंच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या जाहीरनाम्यात तर लेखी होतं.

इथपर्यंत यायलाही दहा वर्षं लोक लढले होते हे विसरून चालणार नाही. १९६२ मधे स्थापन झालेली वेल्श भाषा सोसायटी, बहुतेक कॉलेजची पोरं, ट्रान्समीटरच्या मनोऱ्यावर चढत होती, स्टुडिओत घुसत होती, टीव्हीचं लायसन्स भरायला नकार देऊन तुरुंगात जात होती. (ब्रिटनमधे टीव्ही ठेवायचा तर दरवर्षी लायसन्सचे पैसे भरावे लागतात, आपल्याकडेही एके काळी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स काढायला लागायचं, वडीलधाऱ्यांना विचारा.) त्यांच्याशिवाय मागणी इतकी पिकलीच नसती.

आणि मग सप्टेंबर १९७९ मधे गृहमंत्री विली व्हाइटलॉ केंब्रिजला टीव्हीवाल्यांच्या मेळाव्यात बोलताना सांगून मोकळे झाले की वेगळं वेल्श चॅनल होणार नाही, कार्यक्रम दोन चॅनलवर वाटून देऊ, जास्त तास देऊ. त्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता हं. वेल्श सगळं एका कोपऱ्यात कोंडलं की बाकीचे तिथे फिरकणारच नाहीत, भाषेचा कोंडवाडा होईल, त्यापेक्षा सगळ्यांच्या चॅनलवर दिसली तर कानावर पडेल. वेल्श बोलणाऱ्यांमधेही काही शहाणी माणसं हेच म्हणत होती. पण सरकार चुकलं ते इथे नाही. सरकार चुकलं ते निवडणुकीच्या आधी लिहून दिलेलं चार-पाच महिन्यांत गिळलं इथे. सार्वमतात वेल्सने शेपूट घातली, खासदार उरले दोन, आता कोण विचारतंय, हा हिशोब त्यामागे होता असं तेव्हा वेल्समधे खूप जणांना वाटलं आणि मलाही तसंच वाटतं.

भडका लगेच उडाला पण मजेशीर पद्धतीने. ११ ऑक्टोबर १९७९ ला तीन जणांनी पेनकारेग इथल्या ट्रान्समीटरमधे घुसून तो बंद केला. हे तिघं कोण? पेनार डेव्हिस हे धर्मशास्त्राचे विद्वान, साठीच्या पुढचे. मेरेदिद एव्हन्स, लोकगीतं गाणारे आणि एकेकाळी बीबीसी वेल्समधेच मोठ्या हुद्द्यावर काम केलेले. नेड थॉमस, विद्यापीठातले लेखक-संपादक. म्हणजे पोरासोरांचं आंदोलन आता प्राचार्य-प्राध्यापकांच्या हातात गेलं होतं. प्लाइड कम्रीच्या दोनेक हजार लोकांनी लायसन्स भरणार नाही, तुरुंगात जाऊ असं लिहून दिलं. याच्या शेजारी एक वेगळीच गोष्ट सुरू झाली होती, डिसेंबर १९७९ पासून वेल्समधली इंग्रज लोकांची सुट्टीची रिकामी घरं रात्री पेटायला लागली. ग्विनवोरांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, उलट त्यांना त्याचा तिटकारा होता, पण लंडनमधे बसलेल्या गृहखात्याच्या टेबलावर दोन्ही फायली शेजारी शेजारीच पडत असणार ना.

पाच महिन्यांची मुदत

तर ५ मे १९८० ची घोषणा. यात तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत आणि मला वाटतं प्रकरणाची किल्ली त्यातच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मागणी. स्वातंत्र्य नाही, विधानसभा नाही, ते मागितलं असतं तर सरकारने सार्वमताचा कागद दाखवून दोन मिनिटांत वाटेला लावलं असतं. मागणी एकच, तुमच्या जाहीरनाम्यात जे छापलंय ते करा. याला नाही म्हणायचं तर आम्ही खोटं बोललो हे कबूल करायला लागतं. त्यात खर्चही आटोक्यातला, आणि इंग्रजी बोलणाऱ्या वेल्श जनतेचं यात काहीच जात नव्हतं उलट त्यांच्या मालिका मोकळ्या होत होत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. उद्यापासून बसतो म्हटलं असतं तर पेपरात बातमी आली असती, आठवडाभर हळहळ आणि मग धावपळ. पाच महिने दिले म्हणजे काय झालं की मे ते सप्टेंबर प्रत्येक आठवड्याला तोच प्रश्न, आता किती दिवस राहिले. सप्टेंबर उजाडल्यावर ग्विनवोर गावोगाव सभा घेत फिरायला लागले, कार्डिफच्या सोफिया गार्डन्समधे पहिली मोठी सभा झाली, हॉल भरून माणसं आली. असं दृश्य कल्पना करा, स्टेजवर उभा आहे तो माणूस हसतमुख, मऊ आवाजाचा, आवाज न चढवता बोलणारा, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की महिन्याभराने हा जेवायचं बंद करणार आहे. त्याला भाषण कसलं करावं लागणार.

शिवाय मुदत ही समोरच्यालाही दिलेली सवड असते. सरकारला बैठका घ्यायला, एकमेकांवर ढकलायला, नाक न कापून घेता मागे फिरायला वेळ लागतो. उद्याचं अल्टिमेटम दिलं की मंत्री हट्टाला पेटतात, पाच महिन्यांचं दिलं की अधिकारी वाट शोधायला लागतात.

तिसरी गोष्ट म्हणजे माणूस स्वतः. चाळीस वर्षं ज्याने एकदाही हिंसेचं समर्थन केलं नाही, ज्याच्यावर एक पैशाचा आरोप नाही, सात मुलांचा बाप, रविवारी चॅपलला जाणारा. हा मरेन म्हणतोय तर मरेल, यावर विरोधकांचाही विश्वास होता. धमकीची किंमत ही देणाऱ्याच्या आजवरच्या शब्दांच्या किमतीएवढीच असते. दर सहा महिन्यांनी आत्मदहनाचा इशारा देणाऱ्या आपल्या काही नेत्यांनी हे... जाऊ दे.

बरं, सगळे काही टाळ्या वाजवत नव्हते. हे सरळ ब्लॅकमेल आहे, लोकशाहीत निवडणूक हरलेला माणूस जीव देण्याची धमकी देऊन निर्णय फिरवणार असेल तर मतदान कशाला, असं म्हणणारे होते आणि मुद्दा वजनदार आहे. काहींचं असंही म्हणणं की सार्वमतानंतर मेलेल्या पक्षात जीव आणायला हे केलं, चॅनल निमित्त. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला काही अडचण वाटत नाही, राजकारणी माणूस कितीही संत असला तरी पक्ष विसरत नाही.

तीन वडीलधारी आणि एक यू-टर्न

१० सप्टेंबरला तीन माणसं व्हाइटलॉना भेटायला गेली. क्लेडविन ह्यूज, लेबरचे जुने नेते, पूर्वी वेल्सखात्याचे मंत्री. ग्विलिम विल्यम्स, वेल्सचे आर्चबिशप. आणि सर गोरोन्वी डॅनियल, वेल्श ऑफिसचे निवृत्त सर्वोच्च अधिकारी, नंतर अ‍ॅबरिस्टविथच्या कॉलेजचे प्राचार्य. यातला एकही प्लाइड कम्रीचा नाही. व्हाइटलॉसारख्या जुन्या वळणाच्या इंग्रज साहेबाला कुठल्या आंदोलकाने सांगितलेलं पटलं नसतं, पण हे आपल्यासारखेच लोक, कोटवाले, पदव्यावाले, राणीच्या सरकारची नोकरी केलेले, ते सांगतायत की साहेब, वेल्समधली मधली माणसं तुमच्या हातून निसटतायत. आणि मागे हटायचं तर एका आंदोलकासमोर हटलो असं न दिसता या भल्या माणसांचा सल्ला मानला असं दाखवता येत होतं.

आठवड्याने, १७ सप्टेंबर १९८० ला, सरकारने जाहीर केलं की वेल्श कार्यक्रम चौथ्या चॅनलवरच एकत्र दाखवले जातील. ग्विनवोर त्या संध्याकाळी पेम्ब्रोकशरमधल्या क्रमिख गावी सभेला होते. थॅचर सरकारची ही पहिली मोठी माघार असं पुढे सगळेच म्हणायला लागले. आणि गंमत बघा, ६ ऑक्टोबरची मुदत आली आणि गेली, त्यानंतर चारच दिवसांनी, १० ऑक्टोबरला, ब्रायटनच्या पक्ष अधिवेशनात थॅचर बाईंनी ते जगप्रसिद्ध भाषण ठोकलं की तुम्हाला वळायचं तर वळा, ही बाई वळणारी नाही. विषय अर्थव्यवस्थेचा होता म्हणा, पण वेल्समधे ते ऐकताना किती जणांना हसू आवरलं नसेल.

आता ते दुसरं उपोषण

२७ ऑक्टोबर १९८० ला, म्हणजे ग्विनवोरांच्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी, उत्तर आयर्लंडच्या मेझ तुरुंगात रिपब्लिकन, म्हणजे ब्रिटनपासून सुटून आयर्लंडमधे जायचं म्हणणाऱ्या, कैद्यांनी उपोषण सुरू केलं. ते डिसेंबरात सुटलं, मार्च १९८१ मधे पुन्हा सुरू झालं, आणि त्यात बॉबी सँड्स ५ मे १९८१ ला मेला, ग्विनवोरांच्या घोषणेला बरोब्बर एक वर्ष झालं त्या दिवशी, तारखांचा योगायोग अंगावर येतो. सँड्स तर उपोषण चालू असताना निवडून आलेला खासदार होता! एकूण दहा जण मेले. थॅचर बाई हलल्या नाहीत.

म्हणजे जीव देण्याची तयारी दोन्हीकडे, उलट आयर्लंडमधे ती सिद्ध करून दाखवलेली. मग फरक कशात? कैद्यांना राजकीय कैदी म्हणून मान्यता हवी होती, आणि सरकारच्या दृष्टीने ती देणं म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्यांना सैनिक मानणं, राज्याच्या मुळावरच घाव. तिथे सरकारच्या स्वतःच्या जाहीरनाम्यात कुठलं वचन छापलेलं नव्हतं जे मोडलं म्हणून दाखवता येईल. मधे पडायला आर्चबिशप-प्राचार्यांसारखी दोन्हीकडची माणसं पुरेशी नव्हती. आणि माघार घेतली तर इंग्लंडमधल्या मतदाराला काय सांगायचं, हा प्रश्न वेल्श टीव्हीच्या बाबतीत पडलाच नाही कारण इंग्लंडमधल्या मतदाराला वेल्श टीव्हीशी देणंघेणं नव्हतं. हे जरा कडवट आहे पण खरं आहे, ग्विनवोर जिंकले त्याचं एक कारण असं की समोरच्यासाठी हरणं स्वस्त होतं.

मराठी वाचकाला इथे येरवडा आठवल्याशिवाय राहणार नाही. २० सप्टेंबर १९३२ ला गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केलं, सरकारविरुद्ध म्हणून, पण त्याचा सगळा दाब पडला तो बाबासाहेब आंबेडकरांवर, आणि पुणे करारावर सही करताना अस्पृश्य समाजाला मिळालेले स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले. त्यामुळे उपोषण म्हणजे शुद्ध अहिंसा असं आपल्याकडे सगळे मानत नाहीत, आणि बरोबरच आहे. मी प्रत्येक उपोषणाला हा प्रश्न लावून बघतो की वजन नक्की कोणाच्या छातीवर पडलं, वरच्याच्या की खालच्याच्या. ग्विनवोरांच्या प्रकरणात ते पडलं गृहमंत्र्याच्या. कुठल्या दुबळ्या गटाला त्यात काही गमवावं लागलं नाही. गांधींना मानणाऱ्या माणसाने गांधींचंच हत्यार उचललं, पण रोख कोणावर हे जपून निवडलं. ब्लॅकमेलच्या आरोपाला माझ्यापुरतं उत्तर एवढंच.

पुढे काय झालं

शानेल पेदवार कम्री, थोडक्यात एस-फोर-सी, १ नोव्हेंबर १९८२ ला सुरू झालं, इंग्लंडमधलं चॅनल फोर सुरू व्हायच्या एक दिवस आधी. सुरुवातीला आठवड्याला साधारण २२ तास वेल्श, त्यातले दहा तास बीबीसी फुकट देणार, काही एचटीव्हीकडून आणि बाहेरच्या निर्मात्यांकडून विकत घेणार, आणि बाकी वेळेत चॅनल फोरचे इंग्रजी कार्यक्रम. आधी तीन वर्षं प्रयोग म्हणून. पहिले अध्यक्ष कोण तर तेच सर गोरोन्वी डॅनियल, शिष्टमंडळातले! वकिली करायला गेले आणि कारभारच गळ्यात पडला. बीबीसी फुकट तास देणार म्हणून स्वतंत्र निर्मात्यांचं काय असं वाटेल, पण झालं उलटंच, कार्डिफ आणि कार्नार्वनमधे छोट्या छोट्या कंपन्या उगवल्या, कॅमेरामन, एडिटर, अ‍ॅनिमेशनवाले, वेल्शमधे काम करून पोट भरता येतं हे पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणात दिसलं. आपल्याकडच्या पोरांनी इंग्रजीत बघितलेला तो आग विझवणारा फायरमन सॅम, तो १९८५ मधे आधी वेल्शमधे आला, साम तान नावाने, एस-फोर-सीवर. १९९० च्या दशकात त्यांचा एक वेल्श सिनेमा ऑस्करच्या परभाषा विभागात नामांकनापर्यंत पोचला.

भाषा वाचली का? इथे छाती फुगवायची सोय नाही. १९८१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १८.९ टक्के होते, १९९१ ला १८.७, २००१ ला वाढून २०.८ झाले, आणि २०२१ ला पुन्हा उतरून १७.८, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार. शतकभर चाललेली घसरण थबकली एवढं नक्की, पण त्यात शाळांचा वाटा मोठा आहे, चॅनलचा किती ते वेगळं काढून दाखवता येत नाही. आणि चॅनलचे स्वतःचे पैशाचे हाल वेगळेच, सरकारने हळूहळू हात आखडते घेतले आणि २०२२ पासून त्याचा सगळा सार्वजनिक निधी टीव्ही लायसन्सच्या फीमधून येतो. ज्या फीचा नकार देऊन लोक तुरुंगात गेले, तीच.

मतपेटीत तर शून्य. कोणाला वाटेल एवढा विजय म्हटल्यावर कारमार्थनने डोक्यावर घेतलं असेल. ग्विनवोर १९८१ ला पक्षाध्यक्षपदावरून उतरले, दाविद विग्ली आले, आणि १९८३ च्या निवडणुकीत ग्विनवोर पुन्हा कारमार्थनमधून उभे राहिले तर तिसरे आले. लोक सभेला येतात, रडतात, टाळ्या वाजवतात आणि मत दुसऱ्याला देतात, हे काही फक्त आपल्याकडेच होतं असं नाही.

पण कारमार्थनशरने एक परतफेड केली, जरा उशिरा. १८ सप्टेंबर १९९७ ला वेल्समधे विधानसभेसाठी पुन्हा सार्वमत झालं. रात्रभर निकाल येत होते, नको म्हणणारे पुढे होते, आणि सगळ्यात शेवटी निकाल आला कारमार्थनशरचा. त्या एका निकालाने पारडं फिरलं, वेल्सभरात ६,७२१ मतांच्या फरकाने होय जिंकलं, ५०.३ टक्के. ग्विनवोर तेव्हा ८५ वर्षांचे होते.

२१ एप्रिल २००५ ला ते गेले, वयाच्या ९२ व्या वर्षी. कापेल केलिन बुडवल्याबद्दल लिव्हरपूल महापालिकेने माफी मागितली ती त्याच वर्षी ऑक्टोबरमधे, सहा महिने उशिरा. शेवटची वर्षं लांगाडोग सोडून ते ज्या गावात राहिले आणि जिथे वारले त्याचं नाव पेनकारेग. त्या तीन प्रौढ विद्वानांनी १९७९ साली बंद केलेला ट्रान्समीटर याच नावाचा.